पाणीखात्याचा रोमन साहेब

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘ग्रीक आणि रोमन संस्कृतीचा वारसा’, आणि वेळ दिलाय पाऊण तास. त्यातला बराचसा सत्कारात आणि माझ्या परिचयात गेला. त्या परिचयातलं निम्मं मलाही नवीन होतं, पण असो.

सॉक्रेटिसचा विषाचा पेला, सीझरचा खून, क्लिओपात्रा यांच्या आशेनं कोणी आलं असेल तर मागचं दार उघडं आहे. मला बोलायचंय एका सरकारी अधिकाऱ्याबद्दल. माझं म्हणणं असं, की ग्रीकांनी जे शोधलं त्याचं रोमनांनी खातं केलं. हुद्दा, नोंदवही, हाताखाली माणसं, तपासणी, दंड, सगळं लावून दिलं. आपल्यापर्यंत जे पोचलं, त्यातलं पुष्कळसं त्या खात्यांमुळे पोचलं.

रोमला जाऊन आलेल्यांनी जरा हात वर करा. बरेच आहात की! त्रेवीच्या कारंज्यात नाणं टाकलंत? टाकलंच असणार. आता सांगा, त्या कारंज्यात पाणी कुठून येतं? बघा, हात खाली गेले. ही माझी जुनी तक्रार आहे. आपल्याकडच्या सहलींत कलोसियम पायी, पँथिऑन बसच्या खिडकीतून आणि रात्री न चुकता वरणभात. आमचा गाइड नाणं कोणत्या खांद्यावरून टाकायचं यावर भरभरून बोलला, पण पाण्याबद्दल चकार शब्द नाही. कारंजं पुरं झालं 1762 साली. पण ज्या वाहिनीच्या टोकाला ते उभं आहे, ती अॅक्वा व्हर्गो, रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याचा उजवा हात आणि जावई अग्रिप्पा यानं इसवी सनपूर्व 19 मध्ये रोममध्ये आणली. पुढे ती तुंबली, मोडली, पोप मंडळींनी दुरुस्त केली, पण तिची वारस वाहिनी अजून वाहते आहे. मूर्तीसमोर फोटो काढायचा आणि पाण्याकडे पाठ करायची, हे बरं नव्हे!

तर आमचा नायक. सेक्स्टस युलियस फ्रॉन्टिनस. ब्रिटनचा सुभेदार होऊन आलेला, कॉन्सलपद, म्हणजे रोममधलं सर्वात मानाचं सरकारी पद, भोगलेला बडा माणूस. इसवी सन 97 मध्ये सम्राट नर्व्हानं त्याला रोमच्या पाण्याचा प्रमुख नेमलं. एवढा मोठा माणूस अशा जागी काय करतो? सही करतो आणि बाकीचं हेडक्लार्कवर सोडतो. यानं तसं केलं नाही. तो लिहितो, की हाताखालच्यांच्या सांगण्यावरून आपलं काम चालवणं यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. म्हणून आधी स्वतः शिकायचं ठरवलं आणि शिकताना टिपणं काढली. त्या टिपणांचं पुस्तक आज आपल्या हातात आहे, कारण 1429 मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी नावाच्या ग्रंथवेड्याला मोन्ते कासिनोच्या मठात त्याची हस्तलिखित प्रत सापडली.

त्या वेळी रोमला नऊ वाहिन्या पाणी पुरवत होत्या. सगळ्यात जुनी, आपिया, इसवी सनपूर्व 312 मधली. आपण चित्रांत बघतो त्या उंच कमानी म्हणजे खरं तर थोडा भाग. बहुतेक वाट जमिनीखालून. मार्सिया ही वाहिनी 90 किलोमीटरहून लांब, त्यातल्या कमानी साधारण 10 किलोमीटर. फ्रॉन्टिनसनं सगळ्यांचे नकाशे काढवून घेतले आणि मापं घ्यायला बसला. मग त्याच्या लक्षात आलं, की दप्तरात दाखवलेलं पाणी, उगमाशी मोजलेलं पाणी आणि शहरात वाटलेलं पाणी यांचा एकमेकांशी मेळ नाही. मधलं पाणी गेलं कुठे?

आता नीट ऐका, हा माझा लाडका भाग. खासगी नळजोडणी सम्राटाच्या परवानगीनं मिळे आणि ती माणसाला मिळे, घराला नव्हे. मालक बदलला की हक्क संपला, नव्यानं अर्ज करा. टाकीला ठरलेल्या मापाची ब्राँझची तोटी बसवायची, तिच्यावर सरकारी शिक्का, आणि तिच्यापुढचे 50 फूट नळ त्याच रुंदीचे हवेत. का? कारण पुढचा नळ रुंद लावला की पाणी जास्त ओढतं, हे लोकांना ठाऊक झालं होतं. खात्यातल्या व्हॉल्वमनांची युक्ती त्याहून सरस. नव्या मालकाला परवानगी मिळाली की टाकीला नवं भोक पाडायचं आणि जुनं बुजवायचंच नाही. त्या जुन्या भोकातलं पाणी विकायचं! शिवाय फरसबंदीखालून शहरभर चोरट्या जोडण्या दिलेल्या. फ्रॉन्टिनसनं त्या उखडल्या, तर नुसतं शिसंच ढीगभर निघालं. हसताय म्हणजे ओळखीचं वाटलं.

कामगार होते 700. अग्रिप्पाचे 240, ते पुढे सरकारजमा झाले, आणि क्लॉडियस सम्राटानं वाढवलेले 460. ते सरकारी पगारावर बड्या लोकांची खासगी कामं करत. यानं काय केलं? उद्या काय करायचं ते आदल्या दिवशी सांगायचं आणि दिवसभरात काय झालं ते वहीत लिहायचं, असा नियम केला. झालं. क्रांती म्हणतात ती ही! कुणी गडगडाटी भाषण केलं नाही.

एक खोट मात्र सांगायला हवी. किती पाणी गेलं हे ठरवायला तो नुसतं तोटीच्या तोंडाचं क्षेत्रफळ मोजतो. पाण्याच्या वेगानं फरक पडतो हे त्याला दिसतंय, पण हिशोबात धरता येत नाही. आणि साहेबांना गर्व फार. लिहितो, की आमच्या या वाहिन्यांची तुलना त्या निरुपयोगी पिरॅमिडांशी करून बघा, किंवा ग्रीकांच्या नावाजलेल्या पण बिनकामाच्या बांधकामांशी!

इथे माझं आणि त्याचं भांडण आहे. सामोस या ग्रीक बेटावर इसवी सनपूर्व सहाव्या शतकात मेगाराच्या युपालिनोसनं पाण्यासाठी डोंगरातून 1036 मीटरचा बोगदा खणला. दोन्ही बाजूंनी एकदम सुरुवात केली आणि आत मधोमध दोन्ही तुकड्या भेटल्या. होकायंत्र नाही, काही नाही, नुसती भूमिती. हे बिनकामाचं? फ्रॉन्टिनसच्या जन्माआधी पाचशेहून जास्त वर्षं झालेलं आहे हे! पण हेही खरं, की युपालिनोसबद्दल आपल्याला जवळपास एवढंच माहीत आहे. तो कर्ता होता, त्याच्यामागे खातं नव्हतं.

जाता जाता आपल्या अंगणातलं. जुन्नरच्या लेण्यांत एक ब्राह्मी लेख आहे, इरिल नावाच्या यवनानं दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याचा. हा यवन नेमका ग्रीक होता की आणखी कोण, यावर पंडितांची मजेत भांडणं चालू आहेत. मला त्यात पडायचं नाही. पुण्याहून जुन्नर रोमपेक्षा जवळ आहे, जाऊन बघा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता धावत.

कायदा. रोमन न्यायपंडितांची शतकांची मतं सम्राट जस्टिनियननं 529 ते 534 या काळात संहितेत बांधली. बाराव्या शतकात बोलोन्यात ती पुन्हा अभ्यासाला आली, तिथून युरोपभर पसरली, 1804 च्या फ्रेंच संहितेत उतरली. 1867 ची पोर्तुगीज दिवाणी संहिता त्याच घराण्यातली, आणि ती गोव्यात 1961 नंतरही कायम ठेवली गेली. म्हणजे पणजीत नवरा-बायकोच्या मालमत्तेचा प्रश्न निघाला की धागा थेट रोमन वकिलांपर्यंत जातो. यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं.

नाटक, तत्त्वज्ञान, वैद्यक सोडतो. कॅलेंडर मात्र सोडत नाही. रोममध्ये वर्षात जास्तीचा महिना कधी घालायचा हे पुरोहित ठरवत आणि आपल्या माणसाची मुदत लांबवायला सोयीनं घालत. सीझरनं हा घोळ निस्तरला. इसवी सनपूर्व 46 हे वर्ष 445 दिवसांचं केलं आणि पुढच्या वर्षापासून नवी पद्धत लावली. गणित कुणाचं? अलेक्झांड्रियाच्या सोसिगेनेसचं. ग्रीक डोकं, रोमन हुकूम. दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवा, एवढीच सूचना. सीझर मारला गेला, आणि पुरोहितांनी पहिलं वर्षही मोजणीत धरून दर तिसऱ्या वर्षी दिवस वाढवायला सुरुवात केली! छत्तीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी ऑगस्टसनं काही लीप वर्षं गाळून ते ठिकाणावर आणलं. मग 1582 मध्ये पोप ग्रेगरीनं आणखी दहा दिवस कापले, ते का कापले ते कुणी विचारलं तर सांगतो. विचारा, माइक मागे फिरतोय.