तान्ह्याचे कान

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'बाळ शब्द कसे ओळखतं'. विषय मीच दिला होता, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? पण समोर बघते तर निम्मी सभा आजी-आजोबांची आहे. तुम्हाला पाहून मला माझं जुनं दुखणं आधी सांगावंसं वाटतंय. शब्दांवर येतेच शेवटी.

'त्याला अजून काय कळतंय!' मी लहान मुलांच्या श्रवणचाचण्या करण्यात नोकरी घालवली, आणि तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन आलेली मंडळी हे वाक्य हमखास म्हणायची. बाळासमोरच म्हणायची. बाळ बिचारं ऐकून घ्यायचं.

काय कळतं, ते सांगते. १९७१ साली अमेरिकेत पीटर आयमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महिन्याच्या आणि चार महिन्यांच्या बाळांना चोखणी दिली. चोखणी यंत्राला जोडलेली. बाळानं जोरात चोखलं की 'बा' असा आवाज ऐकू येणार. बाळांना हे कळलं की ती खूश, दणादण चोखतात. थोड्या वेळानं त्याच त्या 'बा'चा कंटाळा येतो, चोखणं मंदावतं. (तुमच्यात अजून तशी लक्षणं दिसत नाहीत, आभारी आहे.) मग गुपचूप 'पा' लावायचा. चोखणं पुन्हा वाढलं, म्हणजे फरक कळला! पण खरी गंमत पुढेच आहे. इंग्रजी 'बा' आणि 'पा' यांतला मुख्य फरक म्हणजे ओठ उघडल्यावर गळ्यातला नाद किती उशिरा सुरू होतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. असे वीस भाग इकडेतिकडे केले आणि दोन्ही आवाज 'बा'च राहिले, तर बाळ ढिम्म. तेवढेच वीस भाग, पण 'बा'ची हद्द ओलांडून 'पा'त नेणारे, की बाळ लगेच जागं. महिन्याचं बाळ! अजून मान धरत नाही, पण 'बा' कुठे संपतो आणि 'पा' कुठे सुरू होतो ते त्याला ठाऊक.

आता नातवाच्या कौतुकानं फार फुलून जाऊ नका. १९७५ साली पॅट्रिशिया कूल आणि जेम्स मिलर यांनी दाखवलं की 'दा' आणि 'टा'ची अशीच हद्द चिंचिला नावाच्या प्राण्यालाही कळते. उंदराच्या नात्यातला प्राणी आहे. तेव्हा हे निव्वळ माणसाचं कर्तृत्व नव्हे. माणसाचं कर्तृत्व पुढे सुरू होतं, आणि त्यात आपल्या भाषांचा मान मोठा आहे.

कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाहीच. बाळ आईच्या मांडीवर. एकच अक्षर पुन्हा पुन्हा वाजतंय. अक्षर बदललं की बाजूच्या पेटीत दिवा लागतो आणि खेळण्यातला प्राणी हलायला लागतो. बाळाला हे उमगलं की अक्षर बदलताच ते मान वळवतं. आईनं नकळत इशारा करू नये म्हणून तिच्या कानाला हेडफोन लावून त्यात गाणी. (ही सोय आपल्याकडे दहावीच्या पालकांसाठी करायला हवी.) १९८४ साली निष्कर्ष छापून आले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना ट-त व्यवस्थित कळतो. दहा ते बारा महिन्यांत मोजक्याच बाळांना. हिंदी घरातल्या अकरा-बारा महिन्यांच्या बाळांना मात्र पूर्वीसारखाच कळतो. कान बिघडत नाही हं, नाहीतर उद्या दवाखान्यात रांग लावाल. घरात ज्या भेदांना अर्थ नाही त्यांच्याकडे बाळ लक्ष देईनासं होतं.

म्हणून सांगते, साहेबानं तात्या टोपेंच्या नावाच्या उच्चाराचं जे काही केलं त्याबद्दल त्याला माफ करा. त्याचा 'त' पहिल्या वाढदिवसाच्या आधीच गेलेला होता. आपणही साव नाही. मल्याळममधला एक खास 'ळ'सारखा वर्ण आपल्याला पकडता येत नाही, म्हणून त्यांच्या गावाला आपण इंग्रजी स्पेलिंग वाचून 'कोझिकोड' म्हणतो.

आता माझं दुखणं. एक आई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आली. मूल बोलत नाही म्हणून. ऐकणं तपासलं, ठणठणीत. मग विचारलं, घरात कोण कोण, काय बोलता? तर एका प्ले ग्रुपनं प्रवेशाआधीच सांगितलेलं, घरात फक्त इंग्लिश बोला, मराठीनं मूल गोंधळेल. आईचं इंग्लिश माझ्यासारखंच, कामापुरतं. त्यामुळे दिवसभर मुलाच्या कानावर काय? 'कम.' 'सिट.' 'नो.' 'ईट फास्ट.' सासूबाई संगमनेरकडच्या, बोलायला चांगल्या खमक्या, पण त्यांना तंबी दिलेली. त्या कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होत्या म्हणे. आणि उरलेला वेळ मोबाइलवर इंग्लिश गाणी. मी त्या बाईंना म्हटलं, अहो, घरात भाषेची विहीर आहे, तिच्यावर झाकण कशाला घातलंत? आजीबाई चाचणीच्या खोलीबाहेर बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं आणि म्हटलं, बोला हो याच्याशी. त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं. सून मान हलवून हो म्हणाली, तेव्हा त्यांनी नातवाला उचललं आणि 'कुठं रे होतास तू, कुठं गेलं होतं माझं सोनुलं' असं जे सुरू केलं, ते माझी पुढची पेशंट येईपर्यंत. ते मूल आजीच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं. मोबाइलकडे असं कुणी बघत नाही.

हा नुसता माझा भाबडेपणा नाही. २००३ साली कूलबाईंनी सिएटलमध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी बोलणाऱ्या माणसांबरोबर बारा वेळा खेळायला बसवलं. बाळं चिनी ध्वनिभेद ओळखायला लागली, तैवानमधल्या बाळांच्या तोडीनं. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं, पण टीव्हीवर. शिकली किती? काहीच नाही.

आणि 'मुलाशी बोबडं बोलू नका' असा उपदेश करणाऱ्यांना सांगा, पुण्याच्या अशोक केळकरांनी १९६४ सालीच मराठी बालबोलीवर 'वर्ड' नावाच्या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात रीतसर निबंध लिहिलाय. भूर जायचं, बाऊ झाला, जोजो कर, दुदू पी, हा अभ्यासाचा विषय आहे, अडाणीपणा नव्हे. बाळाशी बोलताना आपण सूर चढवतो, सावकाश बोलतो, स्वर ताणतो. बाळांना तेच आवडतं. ऑस्ट्रेलियात डेनिस बर्नहॅम आणि सहकाऱ्यांनी आयांचं मांजराशी बोलणंही तपासलं! सूर मांजरासाठीही चढतो, पण स्वर ताणून स्पष्ट केले जातात ते फक्त बाळासाठी. मांजर काही बोलायला शिकणार नाही, हे आईला आतून माहीत असतं.

अध्यक्षबाईंची चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात, म्हणजे पाच. अरे देवा, शब्द राहिलेच.

घाईत सांगते. आपण बोलताना शब्दांमध्ये थांबत नाही. 'चलाजेवायलाबसा' एका दमात. मग शब्द कुठे तुटतो हे बाळाला कसं कळतं? १९९६ साली जेनी सॅफ्रन, रिचर्ड अॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांची सलग माळ ऐकवली. फक्त दोन मिनिटं, मध्ये विराम नाही. काही अक्षरं नेहमी एकामागून एक येणारी, बाकीची कधी ही, कधी ती. दोन मिनिटांत बाळांनी नेहमी जोडीनं येणारे तुकडे वेगळे काढले. 'बाळा'मधल्या 'बा'नंतर 'ळा' वारंवार येतो, 'ळा'नंतर मात्र काहीही येतं. तिथे शब्द तुटतो. आवाजाचा चढउतारही मदतीला असतो, आणि सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना खाण्याच्या वस्तूंची आणि शरीराच्या अवयवांची काही नावं कळतात, हे २०१२ साली दिसलंय. सूर तर पोटातूनच येतो. फ्रेंच नवजात बाळ रडताना सूर चढवत नेतं, जर्मन उतरवत. पुणेरी बाळ बहुधा टोमणा मारून रडतं. यावर खरं तर तास हवा होता.

एक चिठ्ठी श्रोत्यांची आहे: घरात दोन भाषा असतील तर? बिनधास्त बोला. आईच्या पोटात इंग्रजी आणि फिलिपिन्समधली तागालोग अशा दोन्ही भाषा ऐकलेल्या नवजात बाळांना दोन्हींची ओढ होती आणि दोन्हींतला फरकही कळत होता. अट एकच, जो जी भाषा मोकळेपणानं बोलतो त्यानं ती बोलावी.

दुसरी: ऐकू येतं का ते कधी तपासावं? वाट बघू नका. पहिल्या महिन्यात चाचणी, शंका वाटली तर तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, असा जगभरचा दंडक आहे. टाळी वाजवून दचकतं का बघणं म्हणजे चाचणी नव्हे. ओएई नावाची तपासणी असते. कानात छोटीशी नळी ठेवतात, काही मिनिटांत होते, दुखत नाही. बाळ झोपलेलं असेल तर उत्तमच. तिसरी चिठ्ठी... नाही, अध्यक्षबाई उठल्या. उरलेलं बाहेर चहाला विचारा.