लिंकनच्या आधीची तीस वर्षं: अमेरिकेतली गुलामी नेमकी कुणी मोडली?

नमस्कार मंडळी! अमेरिकेतली गुलामी कुणी बंद केली असं विचारलं की शाळेपासून आपल्या तोंडात एकच नाव येतं, अब्राहम लिंकन. लिंकनचं काम मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो १८६० ला निवडून आला तेव्हा ही चळवळ तीस वर्षं लोकांचे दगड खात होती, आणि १८६१ ला अध्यक्षपदाची शपथ घेताना लिंकन स्वतः जाहीरपणे सांगत होता की ज्या राज्यांत गुलामी आहे तिथे ती मोडायचा माझा इरादा नाही. मग याच माणसाला दोनच वर्षांत मुक्तीच्या जाहीरनाम्यापर्यंत आणलं कुणी? आजचा व्हिडिओ त्या लोकांवर आहे.

आणि या लोकांशी आपलं जुनं नातं आहे बरं का. महात्मा फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिलं ना, ते त्यांनी अर्पण केलंय अमेरिकेतल्या भल्या लोकांना, ज्यांनी निःस्वार्थपणे गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना, आणि माझ्या देशबांधवांनीही शूद्र भावंडांना सोडवताना त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केलीय. नीट बघा, अर्पण कुठल्या अध्यक्षाला नाहीये, लोकांना आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, पटकन. १७९० ला अमेरिकेत साधारण ७ लाख गुलाम होते, १८६० ला जवळपास ४० लाख. म्हणजे स्वातंत्र्य मिळालं, राज्यघटना आली आणि गुलामी कमी व्हायच्या ऐवजी सहापटीच्या आसपास वाढली! कारण कापूस. १७९३ ला एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं, कापूस स्वच्छ करणं सोपं झालं, इंग्लंडच्या गिरण्यांना माल हवाच होता, त्यामुळे दक्षिणेत जमीन मिळेल तिथे कापूस आणि कापूस तिथे गुलाम. (पुढे उत्तर-दक्षिण यादवी युद्धात हाच कापूस अडकला तेव्हा मँचेस्टरवाले आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसावर तुटून पडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला, पण तो वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे.)

सुरुवातीचे विरोधक फार सबुरीने घेणारे होते. पेनसिल्व्हेनियाने १७८० ला कायदा केला, पण त्यात आत्ता जे गुलाम आहेत ते गुलामच राहणार, यापुढे जन्मणारी मुलं स्वतंत्र, आणि तीसुद्धा वयाच्या २८ वर्षांपर्यंत मालकाकडे राबणार. त्यानंतर १८१६ ला एक संस्था निघाली, मोठमोठे गोरे पुढारी तिच्यात, योजना काय तर स्वतंत्र झालेल्या काळ्या लोकांना जहाजात घालून आफ्रिकेत पाठवून द्यायचं. यावर काळ्या लोकांचं काय म्हणणं? तर १८१७ च्या जानेवारीत फिलाडेल्फियाच्या बेथेल चर्चमध्ये सुमारे ३००० माणसं जमली. जेम्स फोर्टेन म्हणून शिडं बनवणारा मोठा कारखानदार, स्वतः काळा, सभेच्या पुढाऱ्यांत होता, आणि गंमत म्हणजे तो आधी या योजनेकडे थोडा झुकलेलाही होता. पण सभेत जायच्या बाजूने कोण असं विचारलं तर एक हात वर नाही, आणि विरोधात कोण म्हटल्यावर असा काही 'नाही'चा गजर झाला की भिंती पडतील असं वाटलं, हे फोर्टेनने स्वतः पत्रात लिहून ठेवलंय. त्यांचं म्हणणं साधं होतं, आमचा जन्म इथला, आमच्या बापजाद्यांचा घाम इथे सांडलाय, आम्ही का जायचं?

माझ्या मते खरी चळवळ इथून सुरू होते. कारण १८३१ ला बॉस्टनमध्ये विल्यम लॉइड गॅरिसनने 'लिबरेटर' हे साप्ताहिक काढलं, गुलामी आत्ताच्या आत्ता बंद करा, मालकांना नुकसानभरपाई बिरपाई काही नाही, मी एक इंचही मागे हटणार नाही असं पहिल्याच अंकात छापलं, आणि सगळं श्रेय त्याला दिलं जातं, पण ते साप्ताहिक सुरुवातीला जगवलं कुणी? काळ्या वर्गणीदारांनी! पहिल्या वर्षीचे बहुतेक वर्गणीदार स्वतंत्र काळे लोक होते, फोर्टेनने तर आगाऊ पैसे पाठवले. आणि गॅरिसनच्या दोन वर्षं आधी, १८२९ ला, बॉस्टनमध्येच जुन्या कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या डेव्हिड वॉकर नावाच्या काळ्या माणसाने एक जळजळीत पुस्तिका छापली होती. दुकान बंदराजवळ, गिऱ्हाईक खलाशी, त्यांच्यामार्फत ती पुस्तिका दक्षिणेतल्या बंदरांत पोचायला लागली आणि तिकडच्या राज्यांनी घाबरून गुलामांना लिहायवाचायला शिकवण्यावर आणखी कडक कायदे केले. लिहितावाचता येणाऱ्या माणसाची मालकांना किती धास्ती होती ते यावरून कळतं.

१८३३ ला देशव्यापी संघटना झाली. काम कसलं? तर पत्रकं छापा, पोस्टाने पाठवा, वर्गणी गोळा करा, जत्रा भरवून हाताने केलेल्या वस्तू विका, आणि अर्जावर सह्या घ्या. यातलं बरंचसं बायकांनी केलं. मतदानाचा हक्क नाही, भर सभेत बोलली तर चर्चवाले नावं ठेवणार, पण सरकारकडे अर्ज करायचा हक्क आहे ना, मग दारोदार जाऊन सह्या. इतके अर्ज संसदेत येऊन पडले की १८३६ ला खालच्या सभागृहाने नियमच केला, गुलामीबद्दलचा अर्ज आला की चर्चा न करता बाजूला ठेवायचा. आता इथे चळवळीला फायदाच झाला, कारण ज्या उत्तरेकडच्या माणसाला गुलामांशी काही देणंघेणं नव्हतं त्यालाही प्रश्न पडला की माझा अर्ज करायचा हक्क हे कोण काढून घेतायत? जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, माजी अध्यक्ष, तेव्हा साधा खासदार म्हणून बसायचा, तो म्हातारा वर्षानुवर्षं भांडत राहिला आणि १८४४ ला तो नियम रद्द करवूनच थांबला.

पण उत्तरेकडचे सगळे बाजूने होते असं समजू नका. १८३७ ला इलिनॉयमधल्या आल्टनमध्ये एलायजा लव्हजॉय या संपादकाला जमावाने गोळ्या घालून मारलं, त्याचे छापखाने आधी कितीदा फोडून झाले होते. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात अबॉलिशनिस्टांनी, म्हणजे गुलामी बंद करा म्हणणाऱ्या या चळवळीतल्या लोकांनी, स्वतःच्या पैशाने मोठं सभागृह बांधलं, कारण त्यांना कुणी हॉल भाड्याने देत नव्हतं. १४ मे १८३८ ला उद्घाटन. बाहेर जमाव जमला, विशेष राग कशाचा तर गोऱ्या आणि काळ्या बायका एकत्र बसतात याचा. अँजेलिना ग्रिम्के, मूळची चार्ल्सटनची, गुलाम बाळगणाऱ्या घरातली मुलगी, ती भाषणाला उभी राहिली आणि खिडक्यांवर दगड पडत असताना तासभर बोलली. बाहेर पडताना बायकांनी एकमेकींचे हात धरले, गोरी आणि काळी अशा जोड्या करून, आणि त्या गर्दीतून चालत गेल्या. १७ तारखेला जमावाने ते सभागृह जाळलं. आगीचे बंब आले, पण त्यांनी पाणी मारलं ते आजूबाजूच्या इमारतींवर.

आता मी ज्या माणसासाठी हा व्हिडिओ करतोय त्याच्याकडे येतो, विल्यम स्टिल. फिलाडेल्फियातल्या अबॉलिशनिस्टांच्या ऑफिसात क्लार्क. दक्षिणेतून पळून आलेली माणसं याच्यापर्यंत पोचायची, तो त्यांना जेवण, कपडे, राहायची जागा, पुढच्या प्रवासाचं तिकीट बघायचा. १८५० च्या ऑगस्टमध्ये त्याच्यासमोर एक मध्यमवयीन माणूस येऊन बसला, अलाबामाहून आलेला, चाळीसेक वर्षं गुलामीत काढून कशीबशी स्वतःची किंमत भरून सुटलेला. लहानपणी आईची ताटातूट झाली, तिला शोधायला आलोय म्हणाला. आईबापाची नावं काय? लेव्हिन आणि सिडनी. स्टिलचे हातपाय गळाले, कारण ती त्याच्याच आईबापाची नावं होती! त्याची आई मेरीलँडमधून एकदा चार मुलांना घेऊन पळाली होती, पकडली गेली, मग दुसऱ्यांदा पळताना फक्त दोन मुली घेऊ शकली, दोन मुलगे झोपेत मागे सोडून आली, आणि मालकाने ते मुलगे पुढे दूर विकून टाकले. विल्यमचा जन्म त्यानंतरचा, न्यू जर्सीतला. म्हणजे समोर बसलेला हा पीटर त्याचा सख्खा भाऊ, आयुष्यात कधी न पाहिलेला. दुसरा भाऊ तिकडेच गुलामीत मेला होता. आई मात्र जिवंत होती, आणि पीटर तिला जाऊन भेटला.

यानंतर स्टिलने नोंदी ठेवण्याचं काम फार मनावर घेतलं. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय, मालक कोण, वागवायचा कसा, का पळालात, मागे कोण राहिलं, आता नवीन नाव काय घेतलंय. का, तर उद्या कुणाची आई, कुणाचा मुलगा शोधत आला तर सापडायला हवं. अशी शेकडो माणसं त्याने लिहून ठेवली. हॅरिएट टबमन, जी स्वतः गुलामीतून पळून आली आणि परत परत जाऊन इतरांना सोडवत राहिली, तिने आणलेली माणसंही त्यात आहेत. या वह्या सापडल्या असत्या तर कित्येक जण अडकले असते, म्हणून त्याने त्या एका दफनभूमीच्या इमारतीत लपवल्या आणि १८७२ ला पुस्तक करून छापल्या. आज आपल्याला पळालेल्यांची नावं माहितीयेत ती बरीचशी या एका क्लार्कमुळे.

आणि धोका किती होता? १८५० च्याच सप्टेंबरात पळालेले गुलाम परत करायचा नवा कायदा आला. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष द्यायचा अधिकार नाही, ज्युरी नाही, निकाल कमिशनर देणार, आणि त्याने माणूस मालकाला परत दिला तर फी १० डॉलर, सोडला तर ५. हे कायद्यातच लिहिलेलं होतं! मदत करणाऱ्याला दंड आणि तुरुंग. १८५४ ला बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्सला असाच पकडला, त्याला जहाजापर्यंत न्यायला रस्त्यावर सैनिक उभे केले, बघायला हजारो लोक, दुकानदारांनी काळी कापडं लावलेली, आणि एका ठिकाणी वर 'लिबर्टी' लिहिलेली शवपेटी टांगलेली. त्या दिवशी बॉस्टनमधले कित्येक सावध व्यापारी एका रात्रीत अबॉलिशनिस्ट झाले. वर्षभरात काळ्या चर्चच्या लोकांनी पैसे उभे करून बर्न्सला विकत घेऊन सोडवलं.

मग गुलामीवाली दक्षिणेची राज्यं देशातून फुटली आणि उत्तरेशी यादवी युद्ध पेटलं. त्या युद्धाबद्दल तुम्ही बरंच ऐकलं असेल, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. मे १८६१, युद्ध नुकतंच सुरू झालेलं, लिंकनने मुक्तीबिक्तीचं नावही काढलेलं नाही, आणि व्हर्जिनियात तीन गुलाम रात्री होडी वल्हवत फोर्ट मन्रो या उत्तरेच्या किल्ल्यावर आले, फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड. दुसऱ्या बाजूचा अधिकारी त्यांना मागायला आला. किल्ल्याचा जनरल बटलर मूळचा वकील, तो म्हणाला तुमचं राज्य तर आता आमच्या देशात नाही म्हणता, मग आमचा कायदा तुम्हाला कशाला लागू करू? बातमी पसरली आणि माणसं लोंढ्याने यायला लागली. सरकारला धोरण ठरवावं लागलं ते हे लोक दारात येऊन उभे राहिले म्हणून. पुढे १ लाख ८० हजारांच्या आसपास काळे सैनिक लढले. दुसरी गोष्ट, १८६३ चा जाहीरनामा बंडखोर राज्यांपुरताच होता, म्हणून घटनेत दुरुस्ती हवी यासाठी बायकांनी परत सह्या गोळा केल्या, फेब्रुवारी १८६४ ला १ लाख सह्यांचे गठ्ठे दोन काळ्या माणसांनी उचलून सिनेटमध्ये चार्ल्स समनरच्या टेबलावर नेऊन ठेवले. डिसेंबर १८६५ ला तेरावी दुरुस्ती लागू झाली. तिच्यात गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी चालेल अशी पळवाट राहिली आणि दक्षिणेने ती लगेच वापरली.

मे १८६५ लाच चळवळीत भांडण झालं होतं. गॅरिसन म्हणाला काम झालं, संघटना बंद करू. फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः १८३८ ला खलाशाच्या वेशात पळून आला होता, तो म्हणाला काळ्या माणसाच्या हातात मत येत नाही तोवर गुलामी संपलेली नाही. सभेने डग्लसचं ऐकलं, संघटना १८७० पर्यंत चालली, म्हणजे मताधिकाराची पंधरावी दुरुस्ती होईपर्यंत.

स्टिलही थांबला नव्हता. फिलाडेल्फियात घोड्यांच्या ट्राममध्ये काळ्यांना आत बसू देत नसत, त्याविरुद्ध तो १८५९ पासून पेपरात लिहित होता. मार्च १८६७ ला राज्याचा कायदा झाला, आणि काही दिवसांतच कॅरोलाइन लकाउंट नावाच्या तरुण काळ्या शिक्षिकेसाठी एका कंडक्टरने ट्राम थांबवली नाही. ती तडक तक्रार करायला गेली, असा कायदाच झालेला नाही म्हणून सांगितलं तर कायद्याची अधिकृत प्रत आणून समोर ठेवली. कंडक्टरला १०० डॉलर दंड झाला.

दक्षिणेत याच काळात काय चाललं होतं ते पुढच्या व्हिडिओत घेऊ.