स्मोकरसाठी लाकूड फोडायचं, पण किती जाड?

हे बघा, उजव्या हातात जे आहे ते एक फाटं, माझ्या दंडाएवढं जाड. डाव्या हातात दुसरं, त्याच ओंडक्यातलं, पण मनगटापेक्षा बारीक. लाकूड एकच, वाळलंयही सारखंच. आता हे जाडं मी या मागच्या छोट्या स्मोकरमध्ये, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या भट्टीत टाकलं ना, तर पुढची दहा मिनिटं तुम्हाला माझं तोंड दिसणार नाही एवढा पांढरा धूर होईल, आणि हे बारीक टाकलं तर मिनिटभरात जाळ धरेल आणि धुराड्यातून काही येतंय की नाही ते वाकून बघावं लागेल. तर आज एवढाच विषय आहे, लाकूड किती लांब कापायचं, किती जाड फोडायचं, आणि ते ठरवायचं कशावरून.

आधी सांगतो, हा सगळा हिशोब ऑफसेट स्मोकरचा, म्हणजे ज्याला बाजूला वेगळा फायरबॉक्स, आग पेटवायचा डबा, असतो आणि आग नुसत्या लाकडाची असते. तुमचा स्मोकर कोळशावर चालत असेल तर तुम्हाला फाटी नकोतच, मुठीएवढे तीन-चार तुकडे कोळशावर ठेवले की झालं. आणि हो, ते तुकडे पाण्यात भिजवू नका, पाणी आत फारसं शिरतच नाही, वरवर ओलं होतं आणि ते उडून जाईपर्यंत नुसती वाफ निघते.

माझं सुरुवातीला काय व्हायचं ते सांगतो. मी शेकोटीसाठी फोडलेलं सरपण आणलं, तयार होतं, चांगलं जाडजूड. एक फाटं टाकलं की आधी धूर धूर धूर, मग एकदम पेट घ्यायचं आणि तापमानाचा काटा 120 अंशांवरून 170 वर, आणि मग मी काय करायचो, पळत जाऊन खालची हवेची झडप बंद. काटा खाली यायचा, मी खूश. पण हवा तोडली की जाळ विझतो, लाकूड मात्र तापलेलंच असतं, त्यातून वायू निघतच राहतात आणि आता ते जाळायला जाळच नाही. ते सगळं जातं कुठे, तर मांसावर जाऊन बसतं. सहा तास राबून जे काढलं ते काळंकुट्ट, कडू, आणि खाल्लं की जीभ बधिर. दोन-तीनदा असं झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला की मी आग झडपेनी आवरायला बघतोय, आणि ती आवरायची असते फाट्याच्या जाडीनी. झडपा बऱ्यापैकी उघड्या ठेवायच्या, आगीला हवा मनसोक्त द्यायची, फक्त खायला थोडं थोडं द्यायचं.

हे असं का, ते दोन मिनिटांत सांगतो. लाकूड थेट जळत नाही. आधी त्यातलं पाणी उडतं, आणि जोवर पाणी आहे तोवर तो भाग 100 अंशांच्या फारसा वर जात नाही. पाणी गेलं की साधारण 200 ते 300 अंशांच्या पट्ट्यात लाकूड फुटायला लागतं, म्हणजे त्यातून वायू निघतात, आणि आपण ज्याला जाळ म्हणतो तो ह्या वायूंचा जाळ. उरतो तो निखारा. तो पांढरा दाट धूर म्हणजे वाफ आणि न जळलेले वायू, डांबरासारखे बारीक थेंब, तोच चिकटा मग धुराड्यात आणि जेवणात. वायू नीट जळले की उरतो पातळ, निळसर धूर, त्यातले कण इतके बारीक असतात की त्यांच्यावरून निळा प्रकाश जास्त विखुरतो म्हणून तो निळा दिसतो. स्मोक्ड चवीतला मोठा भाग लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य फुटून निघालेल्या ग्वायकॉल, सिरिंगॉल अशा द्रव्यांचा असतो, आणि ती चव ह्या निळ्या धुरातही असते, त्यासाठी ढग काढायची गरज नाही.

आता जाडीचा खेळ. समजा 10 सेंमी बाय 10 सेंमी जाड आणि 30 सेंमी लांब असं एक चौकोनी फाटं आहे. त्याचा बाहेरचा पृष्ठभाग 1400 चौरस सेंमी. तेच उभं चिरून चार केली, 5 बाय 5 ची, तर पृष्ठभाग झाला 2600. लाकूड तेवढंच, पण आगीला धरायला जागा जवळपास दुप्पट, आणि आतल्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचायचं अंतर निम्मं. म्हणून बारीक फाटं चटकन पेटतं, चटकन संपतं. जाडं उशिरा पेटतं, आणि एकदा पेटलं की मग बराच वेळ धग देत बसतं, तुम्हाला हवी असो नसो.

आणि इथे तुमचा फायरबॉक्स येतो. मोठा, जाड पत्र्याचा फायरबॉक्स असेल, आत निखाऱ्यांचा चांगला थर असेल, तर तो 8-10 सेंमी जाडीचं, 40 सेंमी लांब फाटं सहज पचवतो. पण घरामागच्या छोट्या स्मोकरचं पोटच लहान. माझ्या ह्याच्यात मी 25 सेंमी लांब आणि 4 ते 6 सेंमी जाड असं वापरतो, म्हणजे जास्तीत जास्त कोल्ड्रिंकच्या कॅनएवढं जाड, आणि ते अर्धा तास ते फार तर चाळीस मिनिटं पुरतं. म्हणजे मला उठावं लागतं. बरेच जण ह्याच कंटाळ्यापायी जाडं फाटं टाकतात, तासभर बघायला नको म्हणून, आणि मग तासभर धूर बघत बसतात.

लांबी आधी ठरवा, जाडी नंतर. टेप घ्या, फायरबॉक्स आतून मोजा, आणि दोन्ही टोकांना तीन-तीन सेंमी तरी मोकळं राहील इतकं कमी धरा. फाटं भिंतीला टेकलं की तिथून हवा जात नाही आणि ते टोक धुमसत राहतं. आणखी एक, लांबी कमी करायची ती करवतीनी आणि ती फोडायच्या आधी, कारण आखूड तुकडा फोडायला कितीतरी सोपा जातो. रेषे उभे असतात, त्यांच्या बाजूनी लाकूड सहज उकलतं, आडवं तोडायला जाल तर कुऱ्हाड नुसती उड्या मारते.

ओलाव्याचं काय? आपल्याकडे म्हण आहे, सुक्याबरोबर ओलंही जळतं. स्मोकरमध्ये नाही हो जळत, सुक्याबरोबर ओलं धुमसतं आणि सुक्याचंही वाटोळं करतं. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, दोन टोचे असलेलं, ते घ्या, पण मोजताना फाटं मधून फोडून नव्या आतल्या बाजूवर टोचा, बाहेरून किंवा टोकाला टोचलं तर आकडा कायम कमीच दिसणार कारण तिथून ते आधी वाळलेलं असतं. 15 ते 20 टक्क्यांच्या मधे आलं की उत्तम. हा 20 म्हणजे 100 ग्रॅम कोरड्या लाकडामागे 20 ग्रॅम पाणी, म्हणजे 1200 ग्रॅमच्या फाट्यात 200 ग्रॅम पाणी आहे, पेलाभर! ते सगळं आगीला आधी उडवायचंय. भट्टीत वाळवलेलं लाकूड 10 च्या आसपास असू शकतं, ते बारीक फोडलं तर भपकन जळून जातं, म्हणून असं असेल तर मी नेहमीपेक्षा एक बोटभर जास्त जाड ठेवतो. उलट 22-23 दाखवत असेल आणि दुसरं काही नसेलच तर अजून बारीक फोडा, आणि टाकायच्या आधी फायरबॉक्सच्या वर ठेवून तापू द्या.

हे वर तापवणं तसंही करायचंच, कुठलंही लाकूड असो. माझं पुढचं फाटं कायम फायरबॉक्सच्या डोक्यावर असतं, एक आत, एक वर. फक्त तिथे ठेवून विसरू नका, पत्रा फार तापला तर ते तिथेच काळं पडून धुरायला लागतं. झालंय माझं.

लाकूड कुठलं, ह्यावर तासभर भांडता येईल, मी नाही भांडणार. ओक, हिकरी, सफरचंद, चेरी, काहीही पानझडी कठीण लाकूड चालतं. राळ असलेली पाइनसारखी लाकडं नकोत, रंग दिलेलं, प्लायवूड, औषध मारलेलं लाकूड तर अजिबात नको, आणि ओळखता येत नसेल ते झाड वापरूच नका, कण्हेरीसारखी काही झाडं मुळात विषारी असतात. जाडीपुरतं एवढंच लक्षात घ्या की जड, घट्ट लाकूड उशिरा पेटतं म्हणून ते बारीक, हलकं लाकूड थोडं जाड.

साल? सुटत असेल तर काढून टाका. सालीत माती असते, ओल धरून ठेवते, आणि ती आतल्या लाकडाला आगीपासून झाकतेही. म्हणूनच अख्खी गोल फांदी, बारीक असली तरी, पटकन पेटत नाही, तीच मधून उभी चिरली की उघडी बाजू आणि दोन धारदार कडा मिळतात, आणि आग कायम कडेला आधी धरते. टाकताना मी ती कड निखाऱ्याकडे करतो.

(ठोकळ्याजवळ जातो.)

आता फोडायचं कसं. हा खालचा ठोकळा, गुडघ्याच्या थोडा खाली येईल एवढा. चष्मा घाला, पायात बूट, चप्पल घालून कुऱ्हाड हातात घेऊ नका प्लीज. ओंडक्याच्या टोकाला भेगा दिसतायत ना, लाकूड स्वतःच सांगतंय कुठून फुटणार ते, त्या रेषेवर मारा. मोठा ओंडका असेल तर मधोमध न मारता कडेकडेनी काढत या. गाठ असेल तर तिच्यावर घाव घालत बसू नका, गाठ खालच्या टोकाला येईल असं उलटं ठेवा, तरी नाहीच तर तो तुकडा शेकोटीला.

पण ही जाड फाटी बारीक करताना कुऱ्हाड फिरवायचीच नाही. बघा, छोटी कुऱ्हाड, पातं फाट्याच्या डोक्यावर टेकवलं, आणि मागून लाकडी मोगरीनी ठोकलं. एक, दोन... गेलं. बोटं पात्याच्या वाटेत कुठेच नाहीत. लोखंडी हातोड्यानी नका मारू, कुऱ्हाडीचं डोकं त्यासाठी नसतं, पोलादाचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

सगळं सरपण एकदम बारीक करून ठेवू नका हं. साठवताना मध्यम चौथाई करून ठेवायचं, वाळायलाही तेवढं पुरतं, आणि त्या दिवशी लागेल तसं बारीक करायचं. आठ तासांची आग असेल तर मी पंधरा-सोळा नेहमीची फाटी, सुरुवातीला निखारे करायला पाच-सहा, आणि अंगठ्याएवढ्या काटक्यांची एक मूठभर जुडी असं काढतो. त्या काटक्या फार कामाच्या, आग मलूल झाली की एक मोठं फाटं टाकण्यापेक्षा दोन काटक्या टाकल्या की जाळ लगेच उठतो, मग फाटं.

आता तुमची जाडी बरोबर आहे का ते बघायचं कसं? घड्याळ लावा. निखारे लालभडक, झडप उघडी, फाटं टाकलं. मिनिटभरात जाळ धरला, पांढरा धूर आलाच तर दोन मिनिटांत गेला, काटा दहा-पंधरा अंश वर जाऊन स्थिरावला, तर तीच तुमची जाडी, तिच्यावर खडूनी खूण करून एक फाटं नमुना म्हणून बाजूला ठेवा. धूर पाच मिनिटं हटला नाही तर जाड आहे किंवा ओलं आहे, किंवा खाली निखारेच कमी आहेत, तर पहिल्यांदा निखारे बघा, मग मीटर, मग कुऱ्हाड. काटा तीस-चाळीस अंश उडाला तर पुढचं निम्मं करा. आणि पंधरा मिनिटांत संपून काटा घसरायला लागला तर फार बारीक केलंय.

चला, माझं वरचं फाटं तापलंय, आतलं आता बसत आलंय. हे टाकलं. लावा घड्याळ.

(धुराड्याकडे बोट दाखवतो.)

पांढरा... पांढरा... अजून थोडा... हां, गेला. बावन्न सेकंद.