कॅन्ससमधलं ते शेतघर

[पिवळं माळरान. लांबवर एकच घर.]

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात पॉटविन नावाचं छोटं गाव आहे. गावाजवळच्या या शेतघरात २०११ साली एक कुटुंब भाड्यानं राहायला आलं. पहिल्याच आठवड्यात दारात पोलीस उभे, चोरीचा ट्रक शोधत. ट्रक तिथं नव्हताच.

मग हे सुरूच राहिलं. कधी एफबीआय, कधी करवसुलीवाले, कधी पळून गेलेल्या मुलांच्या शोधात निघालेले पोलीस. जीव द्यायला निघालेल्या माणसाला वाचवायला रुग्णवाहिकाही यायच्या. मला सगळ्यात जास्त तेच लागतं. तो माणूस कुठंतरी खरंच होता, आणि मदत भलत्याच अंगणात येऊन थांबलेली!

[पडद्यावर आयपी पत्त्यांचे आकडे.]

इंटरनेटला जोडलेल्या यंत्राची ओळख म्हणजे आयपी पत्ता, आणि त्याच्यावरून माणूस शोधत सगळे इथं पोचत होते. आपण त्याला पत्ता म्हणतो, पण त्यात ना गाव असतं ना गल्ली. तो नुसता आकडा. असे आकडे कंपन्यांना गठ्ठ्यानं मिळतात. कुठला गठ्ठा कुणाकडे, याची नोंद असते. तिच्यावरून देश बहुधा बरोबर निघतो. शहराचा मात्र अंदाजच. गडचिरोलीत मोबाइल वापरणारा माणूस मुंबईत दिसू शकतो, कारण हजारो ग्राहकांना कंपनी एकाच दारातून इंटरनेटवर सोडते.

असे अंदाज मॅक्समाइंड ही कंपनी पुरवते. पत्ता अमेरिकेतला आहे, यापलीकडे काहीच कळलं नाही, तर तिच्या यादीत देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू पडायचा. खरा मध्य अक्षांश ३९ अंश ५० मिनिटं, रेखांश ९८ अंश ३५ मिनिटं. कंपनीनं सुटसुटीत आकडे घेतले: ३८ आणि ९७.

[नकाशावर दोन रेघा छेदतात.]

तिथंच हे शेत. ६० कोटींहून जास्त आयपी पत्ते या एका जागेवर येऊन बसले. यादीला म्हणायचं होतं, 'अमेरिकेत कुठंतरी'. शोधणाऱ्याला दिसला ठिपका, आणि ठिपक्यावर घर.

शेरीफनं, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखानं, वाटेच्या तोंडाशी पाटी लावली: इथं येऊ नका, आधी मला फोन करा. घरातल्यांना कारण ठाऊक नव्हतं. २०१६च्या एप्रिलमध्ये पत्रकार कश्मीर हिल यांनी ते जगासमोर आणलं. त्याच वर्षी कुटुंब मॅक्समाइंडविरुद्ध कोर्टात गेलं.

[संथ पाणी.]

कंपनीनं ठिपका हलवला. विचिटा शहराच्या पश्चिमेला, चेनी जलाशयात. तिथं कुणाचं दार नाही.