दिनो झोफ: हातात आलेला बॉल न सोडणारा गोलकीपर

5 जुलै 1982, वर्ल्ड कप, बार्सिलोनाचं सारिया स्टेडियम, इटली 3 ब्राझील 2, मॅच संपायला अगदी थोडा वेळ उरलाय आणि ब्राझीलला फक्त एक गोल हवाय, कारण ड्रॉ झाली तरी सेमीफायनलला तेच जाणार आहेत. डावीकडून एदेरची फ्रीकिक येते, ब्राझीलचा डिफेंडर ऑस्कर उंच उडी मारतो आणि खाली जमिनीच्या दिशेने जोरदार हेडर मारतो. हे फुटेज जरा हळू करून बघा. गोलकीपर खाली झेपावतो, बॉल लाईनवर येतो आणि तिथेच थांबतो. बाहेर ढकलला नाही, पंच केला नाही, दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून धरला, पिवळ्या शर्टवाले हात वर करून गोल गोल म्हणून ओरडतायत आणि हा माणूस बॉल तसाच धरून खुणेने सांगतोय की नाही, आत गेलेला नाही.

त्या माणसाचं वय तेव्हा चाळीस होतं. नाव दिनो झोफ. इटलीचा कॅप्टन.

इटलीत गोलकीपर काय कमी झाले का, बुफोन आहे, झेंगा आहे, आता दोनारुम्मा आहे, आणि टॅलेंटचंच म्हणाल तर बुफोन सगळ्यांच्या वर असं म्हणणारे खूप लोक भेटतील आणि त्यांच्याशी वाद घालायचा नाहीये. पण गोलकीपिंग म्हणजे हवेत उडणं नाही तर योग्य जागी आधीच उभं असणं, आणि बॉल अडवणं वेगळं, पकडणं वेगळं, हे ज्याच्याकडे बघून कळतं तो झोफ.

आता मागे जाऊ. उत्तर इटलीच्या पूर्वेला, स्लोव्हेनियाच्या बॉर्डरजवळ फ्रिउली म्हणून भाग आहे, तिथलं मारियानो देल फ्रिउली हे छोटं गाव, तिथे 28 फेब्रुवारी 1942 ला दिनोचा जन्म झाला, ऐन महायुद्धात, शेतकऱ्याच्या घरी. फ्रिउलीची माणसं कमी बोलणारी आणि कामाला वाघ अशी अख्ख्या इटलीत ओळख आहे. चौदाव्या वर्षी त्याने इंटर आणि युव्हेंटस या दोन मोठ्या क्लबकडे ट्रायल दिली आणि दोघांनीही परत पाठवलं, कारण एकच, उंची कमी. मग इथे आजीची एंट्री होते. आजीचं नाव आदेलाइद, तिने ठरवलं की पोराला रोज आठ अंडी खायला घालायची. रोज आठ! आता उंची अंड्यांनी वाढली की वयाने वाढली हे डॉक्टरांना विचारा, पण पुढच्या पाच वर्षांत तो तेहेतीस सेंटीमीटर वाढला ही गोष्ट झोफ स्वतः सांगतो आणि त्याचं सगळं श्रेय आजीला देतो.

फुटबॉलवर पोट भरेल याची घरच्यांना खात्री नव्हती म्हणून तो गोरित्सियाला एका वर्कशॉपमध्ये गाड्यांचं काम शिकला, मेकॅनिक म्हणून, आणि बाजूने गावच्या मारियानेझे टीमकडून खेळायचा. वडील पण काही लाड करणारे नव्हते. एकदा गोल खाल्ल्यावर पोरगा म्हणाला की तो शॉट येईल असं मला वाटलंच नव्हतं, तर वडील म्हणाले, का, तू काय केमिस्ट आहेस का? म्हणजे शॉट येणार हे ओळखणं हेच तर तुझं काम आहे ना बाबा. एवढंच बोलले, पण पुढची वीस-बावीस वर्षं त्याचा खेळ बघितला की वाटतं हे वाक्य त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

उदिनेसे क्लबने त्याला घेतलं आणि 24 सप्टेंबर 1961 ला सेरी आ म्हणजे इटलीच्या टॉप लीगमधली पहिली मॅच मिळाली, फियोरेंतिनाविरुद्ध, फ्लॉरेन्सला, आणि खाल्ले पाच गोल, 5-2. त्या काळी थिएटरमध्ये पिक्चरच्या आधी न्यूजरील दाखवायचे, तर हा बिचारा पिक्चर बघायला गेला आणि पडद्यावर त्याचेच पाच गोल, तिथे खुर्चीत अंग चोरून बसायची वेळ आली. त्या सीझनला उदिनेसे खालच्या डिव्हिजनला गेली. पुढे 1963 ते 67 मांतोवा, मग नापोली. तिशी गाठेपर्यंत या माणसाच्या नावावर एकही लीग टायटल नव्हतं हे लक्षात घ्या, कारण नंतरचं वाचताना असं वाटतं की हा पहिल्यापासून स्टारच होता.

नॅशनल टीममध्ये मात्र नशीब एकदम उघडलं. 20 एप्रिल 1968 ला युरो म्हणजे युरोपियन चॅम्पियनशिपच्या क्वार्टरफायनलची दुसरी लेग (दोनपैकी दुसरी मॅच), बल्गेरियाविरुद्ध, तीही नेपल्सला म्हणजे त्याच्या क्लबच्याच ग्राउंडवर, तिथे डेब्यू, इटली 2-0 जिंकली. सेमीफायनल सोव्हिएत युनियनशी, एक्स्ट्रा टाइम संपला तरी 0-0, आणि तेव्हा पेनल्टी शूटआउट नव्हतं म्हणून नाणं उडवलं, कॅप्टन फाकेत्तीने टॉस जिंकला आणि इटली फायनलला! फायनल युगोस्लाव्हियाशी 1-1, दोन दिवसांनी परत खेळवली, 2-0. म्हणजे इटलीकडून खेळायला लागल्यापासून दोन महिन्यांत हा युरोप चॅम्पियन. पण 1970 च्या मेक्सिको वर्ल्ड कपला कोचने आल्बेर्तोझीला गोलमध्ये उभं केलं आणि झोफने पूर्ण स्पर्धा बेंचवर बसून काढली, जर्मनीविरुद्धची ती 4-3 ची सेमीफायनल पण आणि पेलेच्या ब्राझीलकडून 4-1 ने हरलेली फायनल पण. कुरकूर केली नाही. परत आला, प्रॅक्टिसला लागला.

1972 ला युव्हेंटसने घेतलं, तीच युव्हेंटस जिने उंची कमी म्हणून चौदाव्या वर्षी घरी पाठवलं होतं. आणि मग अकरा सीझन. या अकरा सीझनमध्ये लीगची एकही मॅच त्याने चुकवली नाही, सलग 330 मॅच, ना दुखापत, ना सस्पेन्शन, ना "आज जरा आराम देऊ". गोलकीपरची बोटं कशी मोडतात, खांदे कसे जातात हे ज्यांनी खेळलंय त्यांना माहितीये, त्यामुळे मला तरी त्याचा हा आकडा सगळ्या कपांपेक्षा मोठा वाटतो. सहा लीग टायटल मिळाली, 1977 ला युएफा कप मिळाला, 73 च्या बॅलोन डी'ओर म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम प्लेअरच्या अवॉर्डमध्ये क्रॉइफनंतर दुसरा नंबर आला. युरोपियन कप, म्हणजे आताची चॅम्पियन्स लीग, तेवढा राहिला, 73 ला आयॅक्सकडून आणि 83 ला हॅम्बुर्गकडून, दोन्ही फायनल 1-0 ने गेल्या.

आणि मग ती 1142 मिनिटं. सप्टेंबर 1972 ते जून 1974, इंटरनॅशनल मॅचेसमध्ये झोफने एकही गोल खाल्ला नाही. यात ब्राझील आहे, इंग्लंड दोनदा आहे, नोव्हेंबर 73 ला वेम्बलीवर इटली इतिहासात पहिल्यांदा जिंकली ती 1-0 ची मॅचही यातच येते. मग म्युनिकला 1974 च्या वर्ल्ड कपची पहिली मॅच आली, समोर हैती, ज्यांचं नाव फुटबॉलमध्ये कुणी फारसं ऐकलेलं नव्हतं. सेकंड हाफ सुरू झाला आणि इमानुएल सानों डिफेंडरला मागे टाकून एकटाच आत घुसला, झोफला पण चकवलं आणि बॉल रिकाम्या गोलमध्ये. इटली ती मॅच 3-1 जिंकली, पण हैतीत तो गोल आजही लोक विसरलेले नाहीत.

1978, अर्जेंटिना. तो छत्तीसचा होता. नेदरलँड्सविरुद्ध ब्रांड्सचा आणि हानचा गोल, हानचा तर इतक्या लांबून की बघताना विश्वास बसत नाही, मग तिसऱ्या नंबरच्या मॅचला ब्राझीलच्या नेलिन्यो आणि दिर्सेऊचा गोल, चारही बॉक्सच्या बाहेरून. इटलीतल्या पेपरवाल्यांनी लिहायला सुरुवात केली की याला आता लांबचं दिसत नाही, म्हातारा झाला, बदला. एका गोलकीपरबद्दल याहून वाईट काय लिहिणार? कोच एन्झो बेआर्झोत मात्र हलला नाही. बेआर्झोत पण फ्रिउलीचाच, त्याला हा माणूस माहीत होता.

1982 ला स्पेनला टीम पोचली तेव्हा वातावरण अतिशय खराब होतं. पाओलो रॉसी बेटिंग प्रकरणातल्या दोन वर्षांच्या बॅननंतर नुकताच परत आलेला, ग्रुपमध्ये पोलंड, पेरू, कॅमेरून तिघांशी ड्रॉ, आणि कॅमेरूनचे पण तेवढेच पॉइंट असताना निव्वळ एक गोल जास्त मारला म्हणून पुढे गेले. पेपरमध्ये इतकं काय काय छापून आलं की प्लेअर्सनी ठरवलं, प्रेसशी बोलायचंच नाही. टीमतर्फे बोलणार फक्त कॅप्टन. म्हणजे झोफ, अख्ख्या टीममधला सगळ्यात कमी बोलणारा माणूस! तो समोर यायचा, दोन-चार वाक्यं बोलायचा आणि जायचा, आणि आत बाकीचे शांतपणे खेळावर लक्ष देत होते. मॅराडोनाच्या अर्जेंटिनाला 2-1 हरवलं आणि मग समोर ब्राझील, झिको, सॉक्रेटिस, फाल्काव, त्या काळची जगातली सगळ्यात सुंदर खेळणारी टीम.

रॉसीचे तीन गोल सगळ्यांना पाठ आहेत. पण सॉक्रेटिसने बरोबरी केली तो गोल बघा, तो झोफच्या जवळच्या पोस्टच्या बाजूने आत गेला, आणि गोलकीपरने जवळच्या पोस्टला गोल खाणं म्हणजे चूक त्याच्याच नावावर लागते. एखादा दुसरा असता तर पुढची ऐंशी मिनिटं तेच डोक्यात घेऊन खेळला असता. आणि शेवटी ऑस्करचा तो हेडर. तो बॉल नुसता अडवला असता ना, तर समोर चार-पाच ब्राझीलवाले उभे होते, रिबाउंडवर कुणीही पाय लावला असता. झोफने तो जागच्या जागी पकडला. नंतर त्याने सांगितलंय की बॉल हातात होता पण समोरचे गोल गोल करून नाचत होते, आणि रेफरी क्लाइनला तसं वाटलं तर काय, ते दोन-तीन सेकंद भयंकर होते. शिट्टी वाजली नाही. मॅच संपल्यावर झोफ बेआर्झोतकडे गेला, एक शब्द न बोलता त्याच्या गालावर ओठ टेकवले आणि निघाला. बेआर्झोत म्हणायचा, माझ्यासाठी अख्ख्या वर्ल्ड कपमधला सगळ्यात मोठा क्षण तोच होता.

पोलंड 2-0. फायनल, 11 जुलै, माद्रिदचं बर्नाबेऊ, पश्चिम जर्मनी 3-1. चाळीस वर्षं आणि 133 दिवसांचा झोफ वर्ल्ड कप जिंकणारा सगळ्यात वयस्कर प्लेअर ठरला. इटलीच्या पोस्टाने यावर तिकीट काढलं, चित्रकार रेनातो गुत्तुझोचं, त्यात कप उचललेले हात आहेत. परतीच्या विमानातला फोटो तर तुम्ही पाहिलाच असेल, राष्ट्राध्यक्ष सांद्रो पर्तिनी पत्ते खेळतायत, पार्टनर झोफ, समोर बेआर्झोत आणि टीममधला काउझिओ, टेबलावर वर्ल्ड कप. पर्तिनी-झोफ जोडी तो डाव हरली.

पण मला जास्त आवडते ती त्या आधीची रात्र. रस्त्यावर इटलीवाल्यांचा धिंगाणा चालू असताना झोफ आणि त्याचा रूममेट गाएतानो शिरेआ, टीमचा लिबेरो (डिफेन्समध्ये सगळ्यात मागे खेळणारा) आणि झोफसारखाच अबोल, दोघं हॉटेलवर परतले, थोडं जेवले, रूमवर जाऊन एक-एक सिगारेट ओढली, गप्पा मारल्या आणि झोपले.

1983 ला झोफ थांबला, इटलीसाठी 112 मॅच खेळून, तेव्हाचा रेकॉर्ड. 88 ला युव्हेंटसचा कोच झाला आणि असिस्टंट म्हणून शिरेआलाच घेतलं. 3 सप्टेंबर 1989 ला शिरेआ पोलंडमध्ये होता, युएफा कपमध्ये समोर येणाऱ्या गुर्निक झाब्रझे टीमची मॅच बघायला गेला होता, परतताना गाडीचा अपघात झाला, गाडीत पेट्रोलचे कॅन होते, आग लागली. तो छत्तीस वर्षांचा होता. झोफने त्या सीझनला युएफा कप आणि कोपा इतालिया (इटलीतल्या क्लबांचा कप) दोन्ही जिंकले. आणि तरीही क्लबने त्याला ठेवलं नाही, मैफ्रेदीला आणलं, पुढच्या सीझनला युव्हेंटस सातवी आली. हा निर्णय चुकीचाच होता, आजही तसंच वाटतं.

मग रोमचा लात्सिओ क्लब, आधी कोच, नंतर चक्क प्रेसिडेंट. आणि 2000 च्या युरोला तो इटलीचा कोच होता. बुफोनचा हात मोडल्यामुळे तोल्दो गोलमध्ये, ॲमस्टरडॅमला नेदरलँड्सविरुद्ध दहा जणांत खेळून शूटआउट जिंकलं, रॉटरडॅमला फ्रान्सविरुद्ध फायनलला इंजुरी टाइमपर्यंत 1-0 पुढे, बेंचवरची पोरं मैदानात धावायला उभी होती, तेवढ्यात विल्तोरने बरोबरी केली आणि एक्स्ट्रा टाइममध्ये त्रेझेगेचा गोल्डन गोल, म्हणजे मारला की मॅच तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी मिलान क्लबचे मालक आणि विरोधी पक्षनेते बर्लुस्कोनी जाहीरपणे म्हणाले की झिदानला मोकळं सोडलं, हे कोचिंग लायकीचं नव्हतं. झोफने राजीनामा दिला. मान-सन्मान काय असतो हे मी बर्लुस्कोनींकडून शिकणार नाही एवढं सांगितलं आणि निघून गेला, लोकांनी कितीही समजावलं तरी परत आला नाही.

त्यानंतर परत लात्सिओ, आणि 2005 ला फियोरेंतिना, तीच जिने पहिल्या मॅचला पाच गोल मारले होते. तिला त्याने शेवटच्या दिवशी ब्रेशियाला 3-0 हरवून सेरी आ मध्ये टिकवलं आणि कोचिंग सोडलं. 112 चा रेकॉर्ड नंतर मालदिनीने मोडला, मग बुफोन 176 पर्यंत गेला. पण झोफकडे युरो आणि वर्ल्ड कप दोन्ही आहेत, बुफोनला युरो मिळाला नाही, दोनारुम्माने 2021 ला युरो जिंकला तर पुढच्याच 2022 च्या वर्ल्ड कपला इटली पोचली नाही, आणि चाळीस वर्षं 133 दिवसांचा तो रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही.