सातबाऱ्यावर आजीचं नाव

नमस्कार श्रोतेहो.

नोव्हेंबर आला की विधी महाविद्यालयांमध्ये एकच धांदल उडते. 9 नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 1995 साली याच तारखेला लागू झाला, म्हणून हा दिवस. मग व्याख्यानं, पथनाट्यं, प्रभातफेरी आणि खेडेगावातलं शिबिर. मी जन्मभर महसूल कायदा शिकवला, त्यामुळे अशी शिबिरं पुष्कळ पाहिली. त्यातल्या एका शिबिराची गोष्ट आज सांगायची आहे.

पण आधी एक वाक्य कानात ठेवा. सरकारी खर्चानं वकील मिळवायला बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. पुन्हा सांगतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. हे वाक्य पुढं लागणार आहे.

तर आम्ही एका रविवारी बावीस मुलं घेऊन एसटीनं एका गावी गेलो. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. मुलं काळे कोट घालून आलेली, आणि ऊन म्हणाल तर डोक्यावर. पहिला पाऊण तास सत्कारात गेला. शाल, श्रीफळ, शाल, श्रीफळ. माझं स्पष्ट मत आहे, शिबिरात नारळ आणायला बंदीच घातली पाहिजे. असो.

मग आमचा एक विद्यार्थी उभा राहिला. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांत चषक जिंकून आणणारा, हुशार मुलगा. त्यानं सुरुवात केली घटनेच्या कलम 39 अ पासून. 1976 ची बेचाळिसावी दुरुस्ती, समान न्याय, मोफत विधी साहाय्य, सगळं अगदी मुखोद्गत. लोक शांतपणे ऐकत होते. लोक फारच शांत असले की मला धास्ती वाटते.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मागून एक आजी उठल्या. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पासबुक, रेशनकार्ड, मालकांच्या मृत्यूचा दाखला आणि घडीवर फाटत आलेला सातबारा. थेट मुलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "लेकरा, ह्यात माजं नाव कुठं हाय, तेवढं दाव."

मुलानं कागद उलटा केला, सुलटा केला. कानशिलावरून घाम. अहो, पाच वर्षं कायदा शिकलेला मुलगा, पण त्यानं सातबारा हातात धरला तो त्या दिवशी पहिल्यांदा! यात चूक त्याची नाही. शिकवणारा मीच होतो. फळ्यावर मी कलमं लिहिली, पण वर्गात उतारा कधी फिरवला नाही.

तेवढ्यात सांगोल्याकडची एक मुलगी पुढं झाली. घरी डाळिंबाची बाग, वडिलांबरोबर तलाठ्याकडं हेलपाटे घातलेले. ती कोट काढून आजींशेजारी सतरंजीवर बसली. म्हणाली, "आजी, हा आकडा दिसतो का? हा फेरफाराचा नंबर. मालक गेल्यावर वारस नोंद झाली ती या फेरफारानं. त्यात दोन्ही मुलांची नावं लागलीत. तुमचं राहिलंय."

"राहिलंय का ठिवलंय?" आजी म्हणाल्या. मांडवात पहिल्यांदा हशा पिकला. आजींची दोन्ही मुलं मांडवातच होती, ती काही हसली नाहीत.

मुलीनं विचारलं, "जमीन वडिलार्जित का?"

"न्हाय. मालकानं इकत घेतलेली. माझ्या पाटल्या मोडून."

"आणि मुली किती?"

"एक हाय. ती दिली की तिकडं पंढरपूरला."

"दिली तरी वारस तीसुद्धा, आजी. दोन मुलगे, एक मुलगी आणि तुम्ही. चार सारखे वाटे."

मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा, मुलगा आणि मुलगी एकाच पायरीवर येतात. मघाचं तासाभराचं भाषण कुणाला आठवत नसेल, पण हे 'चार सारखे वाटे' गावानं त्या दिवशीच घरोघर नेलं.

आता अडचण अशी, की फेरफार मंजूर होऊन सहा वर्षं झालेली. एकदा मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली की तलाठी ती आपल्या मनानं बदलू शकत नाही. प्रांताकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडं, अपील करावं लागतं. त्याची मुदत 60 दिवस, म्हणजे उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज आला. आजी म्हणाल्या, "वकिलाला पैसं कुठलं आणू?"

इथं मघाचं वाक्य. बाईला उत्पन्नाची अट नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी तिथंच तालुका विधी सेवा समितीच्या नावे अर्ज लिहिला, आजींनी अंगठा उठवला. लोकांना वाटतं मोफत वकील फौजदारीलाच मिळतो. तसं नाही. महसुली अपिलालाही मिळतो.

दुपारी जेवणं लांबली. कारण सतरंजीभोवती रांग लागली होती आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी.

विधी महाविद्यालयांनी याहून मोठी कामंही केली आहेत. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला होता. त्यातल्या पोलिसांना 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं, तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर चळवळ उठली आणि 1983 साली कायदा बदलला. चार मास्तरांचं एक पत्र! हल्ली परिसंवाद भरपूर होतात, पत्र कुणी लिहीत नाही. मराठीत धड अर्ज लिहिता येणारी मुलंही कमी झालीत, पण तो विषय काढला तर कार्यक्रम संपायचा नाही.

कामाचं पुन्हा सांगतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. फोन करायचा तर 15100. एक पाच एक शून्य शून्य. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतला माणूस, यांना उत्पन्न विचारायचं कारण नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, ते लिहून घेतात.

आजींचं काय झालं? दीड वर्ष लागलं, पण नाव लागलं. लेकीचंही लागलं. मग भाऊ तिच्याकडं हक्कसोडपत्राचा कागद घेऊन गेले. ती तो कागद घेऊन आमच्या त्या सांगोल्याच्या मुलीकडं आली, तोवर ती मुलगी वकील झाली होती. तिनं कागद वाचून दाखवला, सही केली तर काय जाईल ते सांगितलं, आणि कर किंवा नको करू असं काही म्हणाली नाही. कागद अजून त्या लेकीच्या ट्रंकेत आहे. सही झालेली नाही.

नमस्कार.