कातळाला बिलगलेला मळ्या

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळा ओसरला की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले ओढे निवळतात. कान्हेरीच्या वाटेवर अशाच एका ओढ्याकाठी गेल्या आश्विनात मी बराच वेळ उकिडवा बसलो होतो. धोंड्यावरून पाणी असं धावत होतं, की वरून पडलेलं पान बघता बघता दिसेनासं व्हायचं. आणि त्याच धारेत, त्याच धोंड्यावर, बोटभर काळपट सावली जागची हलत नव्हती. तो मळ्या मासा!

मळ्याचं तोंड पुढे नसतं, खालच्या अंगाला असतं. खालचा ओठ पसरून त्याची चकतीच झालेली असते, ती कातळाला घट्ट बसते. छातीचे पर दोन्ही बाजूंना आडवे. असा बिलगून तो दगडावरचं शेवाळ खरवडतो, किंचित सरकतो, पुन्हा बिलगतो. मॉलमध्ये पैसे मोजून लोक ज्या माशांपुढे पाय धरतात ना, ते याचेच पश्चिम आशियातले भाऊबंद.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं, तेव्हा याचं मराठी नावच शास्त्रीय नावात घेतलं. आज जगभर तो ‘गारा मुल्या’ आहे. आपल्या कोळ्या-भोयांच्या तोंडचा शब्द तिथे टिकलाय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दहिसर नदी याच उद्यानातल्या तुळशी तलावाकडून येते. जंगलात तिचा तळ धोंड्यांचा आहे. बाहेर पडली की तिच्यात तबेल्यांचं शेण आणि वस्तीचं सांडपाणी मिसळतं. दगडावर गाळाचा थर बसला की मळ्याचं ताटच झाकलं गेलं. त्याला वाहतं, हवा खेळती असलेलं पाणी मानवतं.

आणखी एक कळकळीची विनंती. घरच्या टाकीतला सकर मासा मोठा झाला म्हणून कृपा करून ओढ्यात सोडू नका. तोही दगडाला चिकटून शेवाळच खातो, शिवाय चांगला हातभर वाढतो. उन्हाळ्यात ओढा तुटतो, नुसते डोह उरतात. तेवढ्याशा पाण्यात मळ्याने या दांडग्या पाहुण्यापुढे कुठे जायचं?

उद्यानात गेलात तर पाण्यात उतरू नका, काठावरूनच बघा. शेवाळल्या धोंड्यांवर फिकट, पुसल्यासारखे ठिपके शोधा. मासा दिसला नाही, तरी तो तिथे नुकताच जेवून गेलेला असतो.